दाखल क्रमांक ११२७

अरविंद उतेकरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि ज्याला उत्तर द्यायलाच हवं होतं असं पत्रही नेमकं तेच होतं. एरवी त्यांचा हात लिहिता. विजेच्या बिलालासुद्धा त्यांनी एकदा ‘बिल मिळाले, आभारी आहे’ असं कळवलं होतं.

पत्र मस्कतहून आलं होतं, महाडच्या पुरानंतर दोन महिन्यांनी. लिहिणारा मुनाफ हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. ऐन तिशीत आखातात गेला तो तिकडेच रमला, आणि आता मुलीकडे, बुशराकडे राहत होता. त्यानं लिहिलं होतं: ‘टीव्हीवर महाड पाण्यात बघितलं. तळीयेची दरड दाखवायला लागले तेव्हा टीव्ही बंद केला. तू बरा आहेस ना? आपली पुस्तकं वाचली का? मला आता ऐकू येत नाही, फोन निरुपयोगी झालाय, म्हणून लिहितो. तुझं ते रानपक्ष्यांचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. तू एकदा ये इकडे.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं ‘नाही’ असं होतं, आणि ते दोन अक्षरी उत्तर अरविंदरावांच्या हातून लिहवेना. महाडच्या त्या वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली होती. निवृत्त होऊन ते पोलादपूरला येऊन राहिले होते, तरी पाणी ओसरल्यावर पहिल्या एसटीनं गेले. कपाटं उभी होती. कपाटांत पुस्तकं नव्हती, चिखलाच्या विटा होत्या. त्यांनी एक वीट उचलली, पुठ्ठ्यावरचा क्रमांक पुसून पाहिला, आणि जिथून उचलली होती तिथेच नीट परत ठेवली.

काहीतरी बरं लिहिण्यासारखं घडू दे, मग लिहू, असं त्यांनी ठरवलं. महिना गेला. महिन्याच्या उशिराला सबब लागते, वर्षाच्या उशिराला मोठी सबब लागते, आणि चार वर्षांच्या उशिराला पुरेल एवढी सबब कुठल्याच भाषेत नसते. शिवाय मुनाफ आता पंचाहत्तरीला टेकला असणार. असेल ना? हा प्रश्न मनात आला की अरविंदराव उठून चहा ठेवत. त्या चार वर्षांत ते पुष्कळ चहा प्यायले.

शेवटी त्यांच्या मनानं असं घेतलं की आता नुसतं पत्र पाठवून भागणार नाही. उत्तर म्हणून स्वतःच जाऊन दारात उभं राहावं, तरच तोंड दाखवायला जागा.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, पण महाडच्या बँकेतल्या सेजलनं त्यांना विचारलं, ‘सर, तुम्ही प्रवास करता का?’ तेव्हा ते ‘हो’ म्हणाले. खरं तर महिन्यातून दोनदा पोलादपूर ते महाड, एवढाच त्यांचा प्रवास. हायवेच्या चौपदरीकरणात त्यांची थोडी जमीन गेली होती, तिची भरपाई या बँकेत मुदत ठेवीत पडून होती. सेजलचा तिच्यावर डोळा होता.

‘मग तुम्ही प्रीमियम ट्रॅव्हल कार्डच घ्या, सर. ठेवीवर लगेच मिळेल. खर्चावर रिवॉर्ड पॉइंट. पॉइंटांवर विमानाचं तिकीट. फुकट!’

‘मस्कतचं?’ अरविंदरावांच्या तोंडून निघून गेलं.

‘कुठलंही!’ सेजल म्हणाली.

आता दुसरा कुणी असता तर तिथेच सही करून मोकळा झाला असता. अरविंदराव मात्र कुठलीही वस्तू अभ्यासाशिवाय घेत नसत. पाटा-वरवंटा घ्यायचा तरी आधी पाषाणांवरचं पुस्तक वाचत. त्यांनी महाडमधल्या झाडून सगळ्या बँकांतून माहितीपत्रकं गोळा केली, आणि निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून मिळालेला सूचिपत्रांचा लाकडी खण काढला. एकेका क्रेडिट कार्डाची त्यांनी रीतसर तालिका केली. वरच्या ओळीत बँकेचं नाव, खाली कार्डाचं, मग वार्षिक फी, विमानतळावरच्या लाउंजच्या भेटी, पॉइंटांचा भाव. प्रवासाची पुस्तकं ९१० क्रमांकाखाली लावतात, म्हणून सगळी कार्डंही ९१०ला गेली. तीनच दिवसांत बारीक टाइपातल्या अटी वाचून झाल्या, तेव्हा त्यांनी त्या वेगळ्या काढून ८००ला लावल्या. ते ललित वाङ्मयाचं दालन.

एकूण चौदा कार्डं झाली. अरविंदराव रोज ती लावत, मोडत, पुन्हा लावत. एकाची फी कमी तर लाउंज नाही. एकाला लाउंज सहा, पण पॉइंट वर्षात मरत. चुकीचं घेतलं तर, या धास्तीनं त्यांना कोणतंच बरोबर वाटेना.

पोलादपुरात ज्याच्या घरात पुस्तकं असतील त्याला मास्तर म्हणतात, तो शाळेची पायरी चढलेला असो वा नसो. तेव्हा ‘मास्तर विमानाचं काहीतरी करतायत’ ही बातमी दूध घालणाऱ्या बनुबाईंमार्फत आठवड्यात वाडीभर झाली. पाठोपाठ शेजारचा सुनील आला. सुनीलचं हार्डवेअरचं दुकान, शिवाय एक टेम्पो. मुंबईत सहा वर्षं काढून आल्यामुळे त्याला सगळ्यातलं कळत असे.

‘काका, टेन्शन घेऊ नका. लाउंज बघा. लाउंज म्हंजे काय, तर कार्ड दाखवायचं नि पोटभर जेवायचं. बुफे! दोन रुपयांत!’

‘दोन रुपये जेवायला,’ बनुबाई उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या, ‘नि मुंबईला जायला हजार. त्यापरीस मास्तर, माझ्याकडं येत जा. तांदळाची भाकरी हाय, फुकट हाय.’

‘मावशी, इंटरनॅशनल गोष्ट चाललीय.’

‘चालूं दे. भाकरी काय पोलादपुरातच भाजतात?’

अरविंदराव मधेच पुटपुटले, ‘यात वर्षाला चार वेळा गोल्फही आहे.’

‘ते काय असतं?’ बनुबाईंनी विचारलं. अरविंदरावांनी एका विश्वकोशातली नोंद आठवून समजावलं: मोठं कुरण, छोटा चेंडू, तो काठीनं लांब मारायचा, मग चालत जाऊन शोधायचा, सापडला की पुन्हा मारायचा.

बनुबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘माझी शेरडं रोज हेच करतात,’ त्या म्हणाल्या. ‘मला नाय कोण कार्ड देत.’

शेवटी नऊ नंबरचं कार्ड सुनीलनं खणातून डोळे मिटून ओढलं, आणि अरविंदरावांना सुटल्यासारखं झालं. काळं कुळकुळीत कार्ड, नेमकं सेजलच्याच बँकेचं. त्याच्या नावाचा उच्चार करताना तोंड किंचित वाकडं करावं लागे. फी बारा हजार. ती वसूल करायचा मार्ग असा, की पहिल्या नव्वद दिवसांत दोन लाखांची खरेदी केली तर भरघोस बोनस पॉइंट मिळणार.

अरविंदरावांचा महिन्याचा खर्च साडेसहा हजार होता, त्यात चारशे वर्तमानपत्रांचे. त्यांनी जन्मभर काटकसर हा गुण मानला होता. बँकेच्या हिशेबी तो गुणच नव्हता. त्याला एकही पॉइंट मिळत नव्हता.

‘एवढंच ना?’ सुनील म्हणाला. ‘वाडीचा खर्च तुमच्या कार्डावर. लोक पैसे आधी तुमच्या हातात देतील, तुम्ही कार्ड घासायचं. त्यांची वस्तू, तुमचे पॉइंट.’

आणि मग अरविंदरावांच्या घरी माणसं यायला लागली.

पहिल्यांदा वाडीतला चांगू आला, घरावर घालायच्या पत्र्यांसाठी. त्यानं पैसे मोजून दिले आणि म्हणाला, ‘मास्तर, तुमीच चला. तुमी असलात की दुकानदार नीट बोलतो.’ असं काही नव्हतं. पिन दुसऱ्याला सांगायचा नसल्यामुळे त्यांना जावंच लागणार होतं. तरी अरविंदरावांना ते वाक्य फार आवडलं. मग बनुबाईंच्या भाचीचं शिलाई मशीन. मग कुणाचा फ्रिज, कुणाच्या मुलीच्या लग्नाच्या नऊवाऱ्या. दुपारी हॉर्न वाजे, अरविंदराव धोतर बदलून तयारच असत, टेम्पोत पुढं बसत. महाडच्या दुकानांत त्यांना खुर्ची मिळे, चहा मिळे. ‘मास्तर, ही का ती?’ असं म्हणून बायका त्यांच्यापुढे लुगड्यांचे पदर धरत, आणि स्त्रियांशी नजर वर करून न बोललेले अरविंदराव भिंतीकडे बघत ‘हिरवी’ म्हणत. परतीच्या वाटेवर कुणीतरी त्यांच्या मांडीवर मूल ठेवी. घरी येऊन कुलूप काढताना त्यांना जाणवे, की आज दिवसभरात आपण एकदाही चहा ठेवला नाही.

अपघात झाले नाहीत असं नव्हे. सुनीलनं मोठ्या मनानं टेम्पोचं महिनाभराचं डिझेल त्यांच्या कार्डावर भरलं आणि मग ८०० क्रमांकाच्या दालनात सापडलं, की इंधनाला पॉइंट नाहीत. त्या लग्नघरच्या मुलीच्या साखरपुड्याच्या ऐन आदल्या दिवशी सराफाच्या दुकानात नथीचे पैसे देताना कार्ड बंद पडलं. सत्तरी उलटलेला, आजवर फक्त वर्तमानपत्रं घेणारा गृहस्थ पंधरा दिवसांत बारा पत्रे, एक फ्रिज, सात नऊवाऱ्या आणि नथ घेतो म्हटल्यावर बँकेच्या यंत्राला संशय आला होता. फोनवर एकानं विचारलं, ‘सर, ही नथ आपणच घेताय?’

सगळं दुकान बघत होतं. अरविंदराव, जन्माचे ब्रह्मचारी, कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, ‘हो. मीच.’

कार्ड सुरू झालं, नथही मिळाली. पण अशा ‘हो’चे ओरखडे लवकर जात नाहीत. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी त्यांनी अटी पुन्हा वाचल्या. कलम चौदा: कार्ड केवळ स्वतःच्या खरेदीसाठी. कार्डाच्या मागे एक नंबर होता, सर्व प्रकारच्या मदतीसाठी. तो त्यांनी फिरवला.

‘नमस्कार, मी श्रुतिका, आपल्याला काय मदत करू?’

‘मला एक कबूल करायचंय,’ अरविंदराव म्हणाले. ‘ती नथ माझी नव्हती. शिलाई मशीनही नव्हतं.’

‘सर, ही लाइन विमान आणि हॉटेलच्या बुकिंगसाठी आहे.’

‘हो का? माफ करा. मग ठेवतो.’

‘थांबा, सर. मशीन चांगलं चालतंय ना?’

‘फार छान. जिचं आहे तिनं मला पिशवी शिवून दिली.’

‘मग झालं तर. यापुढे मात्र स्वतःचंच घ्या. अजून काही मदत?’

अजून काही मदत, असं त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. पुढे त्यांनी चार-पाच संध्याकाळी त्या नंबरला फोन केला. एकदा मस्कतचं हवामान विचारलं. एकदा तिथं कावळे असतात का, ते विचारलं. श्रुतिका शोधून सांगे. तिचे मिनिटांचे हिशेब असतील या विचारानं ते तीन मिनिटांत फोन ठेवत, घड्याळ समोर घेऊन.

संध्याकाळी मोकळ्याच असत, कारण दोन लाख तोवर भरले होते, आणि कलम चौदाची बातमी त्यांनी स्वतःच वाडीला दिली होती. आता हॉर्न वाजत नव्हता. कुणी रागावलं नव्हतं. कुणाला काही घ्यायचं नव्हतं, एवढंच. अरविंदराव दुपारी उगाच धोतर बदलून बसत. मग पुन्हा घरातलं नेसत.

राहिला होता पासपोर्ट. तिथं त्यांच्या प्रामाणिकपणानं त्यांचा घात केला. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख वाटली होती. अरविंदराव मात्र आईनं सांगितल्याप्रमाणे पौषातले. चौतीस वर्षं पुस्तकांच्या चुकीच्या नोंदी दुरुस्त केलेल्या माणसाला सरकारी अर्जात धडधडीत खोटं कसं लिहवणार? त्यांनी पंचांगावरून खरी तारीख काढून लिहिली आणि खाली टीप जोडली: ‘दाखला व आधार कार्डावरील तारीख चुकीची आहे.’

खिडकीतल्या माणसानं अर्ज दोनदा वाचला. ‘काका, लोक कागदांसाठी भांडतात. तुम्ही स्वतःच्याच कागदांविरुद्ध तक्रार केलीत.’ मग बिचाऱ्यानं नीट समजावलं: प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग आधार, मग नवा अर्ज. सहा महिने तरी.

सहा महिने. घरी येऊन अरविंदरावांनी मुनाफचं पत्र काढलं, वाचलं नाही, पुन्हा ठेवलं. मग नंबर फिरवला.

‘सर, पॉइंट तर भरपूर झालेत,’ श्रुतिका म्हणाली. ‘मस्कतचं एका बाजूचं तिकीट बसतंय.’

‘एका बाजूचं? म्हणजे परत यायचं कसं?’ मग त्यांनी पासपोर्टाचंही सांगून टाकलं, आणि घड्याळ बाजूला ठेवून पत्राचंही. चार वर्षांचं, चिखलाच्या विटांचं, सगळं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सात मिनिटं झाली.

‘सर,’ ती म्हणाली, ‘पॉइंटांवर तिकीट तुमचंच काढलं पाहिजे असं नाही. कुणाचंही निघतं. मस्कत ते मुंबई पण निघतं. फक्त त्यांचं पासपोर्टवरचं नाव लागेल, आणि यायची तारीख त्यांनी सांगायला हवी.’

‘म्हणजे त्याला विचारावं लागेल.’

‘हो, सर. विचारावंच लागेल. ते आमच्या सेवांमध्ये नाही.’

म्हणजे एक पत्र लिहायला नको म्हणून अरविंदरावांनी चौदा कार्डांची सूची केली, दोन लाखांची खरेदी केली, नथ स्वतःची म्हणून सांगितली. आणि हे सगळं त्यांना फिरवून फिरवून पुन्हा त्या पत्रापाशीच आणून उभं करत होतं.

पण लिहायचं तर वाचणारा असायला हवा. महाडच्या बाजारात मुनाफच्या पुतण्याचं, मुसैबचं टायरचं दुकान होतं. चार वर्षं अरविंदराव ते दुकान टाळून चवदार तळ्याकडून वळसा घालून एसटी स्टँडवर जात. त्या दिवशी ते सरळ गेले. दुकानासमोर तीनदा पुढंमागं झाल्यावर मुसैबच बाहेर आला.

‘काय पायजे, चाचा? हवा भरायचीय?’

‘मी अरविंद उतेकर,’ ते म्हणाले. ‘वाचनालयातला. मुनाफ... कसा आहे?’

मुसैबच्या हातातला पाना तसाच राहिला. ‘तुम्ही हाय होय?’ तो म्हणाला. ‘या अल्ला! आणि आमचे चाचा तिकडं समजून बसलेत तुम्ही पुरात गेलात म्हणून! पत्र लिवलं, जवाब नाय. मी बोललो, चौकशी करतो, पोलादपूर काय लांब हाय? तर बोलले, नको. चौकशी करू नको. नाय कळलं तोवर हाय म्हणायचं.’

अरविंदराव टायरच्या चळतीवर बसले. मुनाफ मेला असेल या भीतीनं आपण चार वर्षं चहा पीत होतो, आणि तिकडे तो आपल्याला तसाच जपून ठेवत होता.

‘येत नाही का तो कधी?’

‘बुशरा दर वर्षी बोलते, चला. बोलतात, आता तिथं कोणासाठी जाऊ? थांबा, व्हिडिओ लावतो. ऐकू नाय येत, पण बघतील तरी.’

‘नको!’ अरविंदराव एवढ्या जोरात ओरडले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ‘पत्र त्यानं लिहिलंय. उत्तर पत्रानंच जायला हवं. मी... मला तेवढंच येतं.’

मुसैबनं त्यांच्याकडे बघितलं. ‘चाचा, ते पंच्याहत्तरचे हायत. टपालाला पंधरा दिवस.’

हे खरं होतं. अरविंदरावांनी मान खाली घालून विचार केला. ‘मग त्याला एवढंच लिहून कळव,’ ते म्हणाले, ‘की वाचनालयाकडून एक टपाल येतंय.’

मुसैबनं तिथल्या तिथे मोबाइलवर तसं धाडलं आणि त्यांना पासपोर्टवरचं नावही उतरवून दिलं. मग त्यांना आत नेऊन चहा पाजला.

घरी येऊन ते लिहायला बसले. ‘प्रिय मुनाफ’ लिहून तासभर पुढं सरकेनात. माफी कितीतरी प्रकारांनी मागून पाहिली. प्रत्येक प्रकार वाचून त्यांचीच त्यांना लाज वाटली. शेवटी त्यांनी लाकडी खण ओढला. कार्डांच्या सूचीमागे थोडी जुनी छापील कार्डं उरली होती, पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्या सभासदांना पाठवायची. अशी स्मरणपत्रं त्यांनी जन्मभरात हजारोंनी लिहिली होती. त्यात त्यांचा हात कधी अडत नसे.

त्यांनी रिकाम्या जागा भरल्या.

‘श्री. मुनाफ यांस. आपणांकडे वाचनालयाचे पुस्तक, विषय: कोकणातील रानपक्षी, दाखल क्रमांक ११२७, मुदतीनंतर चव्वेचाळीस वर्षे राहिले आहे. आपण विचारणा केल्यानुसार कळविण्यात येते की, पुरात इतर पुस्तके वाचली नाहीत. सबब आपणांकडील प्रत ही एकमेव शिल्लक आहे. ती टपालाने स्वीकारली जाणार नाही. सभासदाने स्वतः येऊन जमा करावी. येण्याच्या तिकिटाची व्यवस्था केली आहे. तारीख उलट टपाली कळवावी. दंड माफ. उत्तरास चार वर्षे विलंब झाला; त्याचा दंड ग्रंथपालास लागू आहे, तो आपण आल्यावर ठरवावा.’

खाली सही करताना त्यांनी पदनामापुढे ‘निवृत्त’ लिहिलं, मग खोडलं.

सकाळी ते टपाल कचेरीत निघाले तेव्हा बनुबाई दुधाची रिकामी बरणी घेऊन वाटेत भेटल्या. ‘काय मास्तर, निघालात का विमानानं?’

‘मी नाही. पाहुणा येतोय,’ अरविंदराव म्हणाले. ‘येईल बहुतेक. बनुबाई, तुमची ती तांदळाची भाकरी... दोघांना मिळेल?’

‘दोघांना का, चौघांना मिळंल. कार्ड तेवढं दाखवाया लागंल,’ असं म्हणून त्या हसत पुढं गेल्या.

खिडकीवर पाकिटाचं वजन झालं, तिकिटं लागली. ‘परदेशी हाय, रजिस्टर करायचं?’ कारकुनानं विचारलं.

‘करा,’ अरविंदराव म्हणाले. ‘पोचपावतीसकट.’

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. अरविंदराव पावती घडी घालून खिशात ठेवून, पिशवीचं तोंड बांधेपर्यंत खिडकीशीच उभे राहिले.